आवाज आधी येतो

गाडीचं इंजिन बिघडायला लागलं की आधी आवाज येतो, मग स्टिअरिंगच्या मागे लाल दिवा लागतो आणि मग गाडी बंद पडते. दिव्याची वाट बघत बसलात तर उशीर झालाच म्हणून समजा. हे मी कुठे वाचलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षं मोटर मेकॅनिकच्या मास्तराशी संसार केला की आपोआप पाठ होतं. शाळेत मी गणित शिकवलं आणि घरी इंजिन शिकले. वरच्या बाजूने बारीक टिकटिक येत असेल तर चार दिवस थांबलं तरी चालतं. पण खालून, इंजिनाच्या पोटातून ठक-ठक येत असेल आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर ती वाढत असेल, तर गाडी आहे तिथे उभी करायची. पुढे एक फूटसुद्धा न्यायची नाही.

एवढं सगळं येत असून मी अडीच महिने गप्प बसले. का बसले ते सांगायला हे लिहितेय. माझी कीव करायची असेल त्यांनी पुढे वाचू नये.

आमचे हे, म्हणजे शरच्चंद्र, उज्जैनच्या आयटीआयमध्ये चौतीस वर्षं मोटर मेकॅनिकचा वर्ग घेत. ह्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते. त्या घराण्यात हाताला तेल लागलेले हे पहिलेच, आणि त्याचा ह्यांना भारी अभिमान. ह्यांच्याकडे हातभर लांबीचा एक पेचकस आहे. पेचकस म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर. उज्जैनमध्ये आम्ही पेचकसच म्हणतो. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभराने हे सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरचं बेअरिंग गेलंय, किंवा चेन सैल झालीय. मग मुलं इंजिन उघडायची आणि तेच निघायचं. ह्या एका गोष्टीवर ह्यांनी आयुष्यभर मान मिळवला. सर बोलले म्हणजे झालं, असं मुलं म्हणत.

तो कान गेला. एका दिवसात नाही गेला. चौतीस वर्षं डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये उभं राहून तो रोज थोडा थोडा गेला. आधी ह्यांना कुकरची शिट्टी ऐकू येईना, मग फोन, मग दारावरची बेल. समोर उभं राहून मोठ्याने बोललं की कळायचं. बाकीचं हे ओठांवरून जुळवून घ्यायचे. आमची मुक्ता बंगळूरहून आली तेव्हा म्हणाली, "बाबा, कानाचं मशीन घेऊ या." हे भडकले. "कानात मशीन घालून मी दुसऱ्या मशीनचं काय ऐकू? कान ठीक आहेत माझे. तुम्ही लोक पुटपुटता." तो विषय तिथेच संपला.

मग मी सांभाळून घ्यायला लागले. बेल वाजली की मी हातातलं काम थांबवून दाराकडे बघायची, आणि मी बघितलं की हे उठून दार उघडायला जायचे. बाजारात कुणी मागून हाक मारली की मी वळायची, मग हेही वळायचे. चारचौघांत कुणाला काही कळायचं नाही. किती हुशारीने निभावतेय, असं मला वाटायचं. हुशारीचा मोठा तोरा आहे मला, पहिल्यापासून.

दर दसऱ्याला ह्यांचे जुने विद्यार्थी कैलाशच्या गॅरेजमध्ये जमतात. कैलाश ह्यांचा सगळ्यात आवडता विद्यार्थी, आता त्याचेच केस पांढरे झालेत. गॅरेजमधल्या पान्या-पेचकसांची पूजा होते, प्रसाद वाटला जातो आणि मग सरांची परीक्षा होते. मुलं मुद्दाम एखाद्या गाडीत खोड करून ठेवतात, गाडी चालू करतात, आणि सरांनी पेचकस कानाला लावून खोड ओळखायची. एकवीस वर्षं हे चाललंय आणि एकवीस वर्षांत हे कधी चुकले नव्हते.

ह्या दसऱ्याला ह्यांनी पेचकस कानाला लावला, डोळे मिटले, नेहमीपेक्षा बराच वेळ घेतला आणि म्हणाले, "टॅपेट. दूसरे नंबर का."

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. टॅपेटची ती वरच्या बाजूची टिकटिक कुठेच नव्हती. चेन खडखडत होती, ती मलाही कळत होती. पोरांनी एकमेकांकडे बघितलं. मग कैलाशने टाळी वाजवली. "बिलकुल सही, सर! मान गए!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एकाने तर ह्यांच्या पायांना हात लावला.

घरी आल्यावर ह्यांनी देवासला फोन लावला, स्पीकर चालू करून मला हातात धरायला दिला आणि ओरडून सांगितलं, "ताई, ह्या वर्षीही ओळखलं बरं का! अजून कान शाबूत आहेत!" पलीकडून उषाताई हसल्या. ह्यांचा चेहरा इतका खुलला होता की मी त्याच क्षणी ठरवलं, हे ह्यांना कुणीही सांगायचं नाही. मी तर नाहीच नाही.

उषाताई ह्यांची थोरली बहीण. माझ्या वन्सं. ह्यांची आई गेली तेव्हा हे चार वर्षांचे होते आणि वन्सं सोळाच्या. वेणीफणीच्या वयात त्यांनी ह्यांना न्हाऊ-माखू घातलं, बोट धरून शाळेत नेलं, आणि हे हाताशी येईपर्यंत स्वतःचं लग्न लांबवलं. पुढे देवासला दिलं त्यांना. आता ब्याऐंशीच्या झाल्या होत्या. काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले, पण कान तल्लख. एक रविवार आड करून आम्ही उज्जैनहून देवासला त्यांना भेटायला जायचो. सदतीस किलोमीटर, आपल्या गाडीने. टेकडीखालच्या त्यांच्या गल्लीत दिवसभर शंभर गाड्या जातात. पण आमची गाडी वळणावर असतानाच वन्सं आतून म्हणायच्या, "शरू आला. प्रसाद, फाटक उघड." प्रसाद त्यांचा मुलगा. तो सांगायचा, "मामी, आई आजपर्यंत एकदाही चुकली नाही." दुसरी कुठली गाडी गेली की त्या म्हणायच्या, "ही नाही," आणि जपमाळ पुढे ओढायच्या.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी ह्यांनी गाडी चालू केली तेव्हा मला स्वयंपाकघरात तो आवाज आला. ठक-ठक-ठक. अगदी हलका. दोन मिनिटांनी थांबला. मी गॅस बंद करून खिडकीशी गेले. हे गाडीपाशी उभे होते, तेल मोजायची पट्टी बाहेर काढून, पुसून, उजेडात धरून बघत होते. तेल पूर्ण होतं. पाणी पूर्ण होतं. दिवा लागलेला नव्हता. डोळ्यांनी जे बघायचं ते सगळं ह्यांनी बघितलं आणि समाधानाने बॉनेट खाली टाकलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंडाशी आलंही होतं. पण सांगायचं म्हणजे काय सांगायचं? "अहो, इंजिनात आवाज येतोय," एवढंच वाक्य. पण त्याच्या पोटात दुसरं वाक्य होतं, की तो मला ऐकू आला आणि तुम्हाला आला नाही. शरच्चंद्र सरांना स्वतःच्या गाडीचा आवाज आला नाही आणि त्यांच्या गणितवाल्या बायकोला आला. मला ते बोलवेना. म्हटलं, बघू, थंडीमुळे असेल. थंडीमुळे नसतो असा आवाज. मला माहीत होतं.

महिनाभरात तो दोन मिनिटांचा पाच मिनिटांवर आला. मग चढावर यायला लागला. डिसेंबरच्या शेवटी आम्ही देवासला गेलो. हे हात-पाय धुवायला मागे गेले, तशा वन्संनी माझा हात चाचपून धरला.

"चारू, गाडीचा आवाज बदललाय."

मी त्यांची शाल सारखी केली.

"पोटात काहीतरी वाजतंय तिच्या. शरूला कसं कळलं नाही?"

"वन्सं, टायर नवे घातलेत," मी म्हटलं. "त्यांचा आवाज आहे."

"टायरचा?" त्यांनी न दिसणारे डोळे माझ्याकडे वळवले. ज्यांनी ह्यांना वाढवलं त्यांना मी टायरची गोष्ट सांगत होते.  त्या माझा हात थोपटून म्हणाल्या, "बरं. पण त्याला सांग हो. विसरू नकोस."

"सांगते," मी म्हटलं.

काहीच केलं नाही असं नाही. मी चोरून कैलाशला फोन केला. मनात होतं की सर्व्हिसिंगचं निमित्त करून गाडी त्याच्याकडे पाठवावी, त्याने गुपचूप काय ते दुरुस्त करावं, आणि सरांना कळूही नये. कैलाश सासुरवाडीला राजस्थानात गेला होता. म्हणाला, "मैडम, संक्रांति के बाद आ रहा हूँ, बीस तारीख को भेज दीजिए. कोई जल्दी तो नहीं है?" मी म्हटलं, "नहीं, कोई जल्दी नहीं." आमच्या फ्रीगंजमध्ये दुसरे दहा मिस्त्री होते. पण दुसरा मिस्त्री ह्यांच्या तोंडावर बोलला असता, आणि ते मला नको होतं.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी देवासहून परत येताना ह्यांचा डावा हात गिअरच्या दांड्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळ राहिला. पंजा पसरून ठेवला होता, ताप बघतात तसा. हे म्हणाले, "गाडी बरी वाटते ना?"

ह्यांनी सरळ विचारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"छान चाललीय," मी म्हटलं आणि खिडकीबाहेरचे गहू बघत राहिले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी सकाळी आठ वाजता प्रसादचा फोन आला. वन्सं पाच-सहा दिवस आजारी होत्याच. दवाखान्यातून दोन दिवसांपूर्वी त्यांना घरी आणलं होतं, त्यांच्याच हट्टाने. प्रसाद म्हणाला, "मामी, डॉक्टर येऊन गेले. आता काही तासांचंच म्हणतात. शुद्ध आहे. सारखी मामालाच विचारतेय. जल्दी या. टॅक्सी करून या वाटलं तर."

मी ह्यांच्या समोर जाऊन सगळं सांगितलं. टॅक्सीचंही सांगितलं. ह्यांच्या हातात किल्ली आधीच होती. "टॅक्सी यायला अर्धा तास. आणि ताई गाडीचा आवाज ऐकत पडली असेल," हे म्हणाले, आणि चप्पल घालून बाहेर गेले.

माझ्याकडे तेव्हा एक वाक्य बोलायला वेळ होता. शाल घेऊन कुलूप लावेपर्यंतचा वेळ. गाडीला सदतीस किलोमीटर मारायचे आहेत, पंधरा दिवसांपूर्वी मारले होते, आजही मारेल, असा मी हिशोब केला. शाळेत असला हिशोब करणाऱ्या मुलीला मी बाकावर उभं केलं असतं.

साडेआठला निघालो. नानाखेड्याच्या पुढे देवासच्या रस्त्याला लागल्यावर ह्यांनी गाडी कधी नव्हे ती ऐंशीवर नेली. ठक-ठक आता थांबतच नव्हती. माझ्या पायाखालून येत होती. मी मनात वन्संचं नाव घेत होते आणि इंजिनाचंही. नरवर गाव मागे पडलं. ह्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं. मी चेहरा शांत ठेवला. अर्ध्या मिनिटाने पुन्हा बघितलं. मी आणखी शांत ठेवला. ह्यांनी ॲक्सिलरेटर दाबला.

मग लाल दिवा लागला. ह्यांना तो दिसला, ह्यांचा पाय वर आलाही. तेवढ्यात खाली काहीतरी धाडकन मोडलं आणि गाडी कडेच्या मुरमावर घासत जाऊन उभी राहिली. मागे रस्त्यावर तेलाचा काळा पट्टा उमटला होता.

हे खाली उतरले, गुडघ्यांवर बसून गाडीखाली वाकले आणि तसेच राहिले. इंजिनाच्या अंगाला भोक पडलं होतं. मला वाटलं, हे चिडतील, शिव्या देतील. हे उठले आणि एवढंच म्हणाले, "फोन लाव. ताईशी बोलू दे."

मी प्रसादला लावला, थोडक्यात सांगितलं. त्याने फोन वन्संच्या कानाशी धरला. ह्यांनी माझ्या हातातून घेतला आणि भर रस्त्यात ओरडले, "ताई! मी निघालोय! गाडी जरा खराब झालीय, पण पोचतोच!" आणि फोन स्वतःच्या कानाला घट्ट दाबून धरला. स्पीकर चालू होता. वन्संचा आवाज मला अगदी स्पष्ट ऐकू आला.

"शरू, मी चारूला म्हटलं होतं रे. आवाज बदललाय म्हटलं होतं."

ह्यांनी फोन खाली घेतला. "काय म्हणाली?"

हे माझ्या तोंडाकडे बघत होते. त्या रस्त्यावर, त्या उन्हात, हातात तो फोन घेऊन.

"सावकाश या म्हणतात," मी म्हटलं. "घाई करू नका म्हणतात."

ह्यांनी मोठा श्वास सोडला. "बोलतेय म्हणजे बरी आहे," हे म्हणाले. "डॉक्टर लोक उगाच घाबरवतात."

आणि ह्या वाक्यामुळे पुढचं झालं. दहा मिनिटांनी एक ट्रक थांबला. ड्रायव्हर भला माणूस होता, म्हणाला, "देवास जा रहा हूँ, बैठ जाओ बाबूजी." केबिन उंच होती. माझे गुडघे गेलेले आहेत, मला चढता येईना. मी म्हटलं, "तुम्ही जा, मी बसने येते." हे म्हणाले, "छे, तुला एकटीला इथे सोडून? ताई सावकाश या म्हणतेय ना. बस येईलच आता." ह्यांनी ड्रायव्हरला हात केला आणि ट्रक गेला. मी त्याला थांबवू शकले असते. थांबवायचं तर आधी, मी खोटं बोलले, हे सांगावं लागलं असतं.

बस पस्तीस मिनिटांनी आली. देवासच्या स्टँडवरून रिक्षा केली. टेकडीखालच्या वळणावर आलो तेव्हा साडेदहा झाले होते. फाटक उघडंच होतं आणि आत लोक उभे होते.

वन्सं दहा वाजून पाच मिनिटांनी गेल्या होत्या.

हे जाऊन त्यांच्या पायांशी बसले. पाय हातात घेतले, गार पायांना ऊब देतात तसे चोळत राहिले. रडले नाहीत. प्रसाद मात्र लहान मुलासारखा रडत होता. ह्यांच्या शेजारी बसून तो सांगायला लागला, आणि मामाला ऐकू यावं म्हणून मोठ्याने सांगायला लागला. सगळ्या घराला ऐकू जात होतं.

"मामा, शेवटपर्यंत गाड्या ऐकत होती. एक गाडी गेली की म्हणायची, ही नाही. दुसरी गेली की, ही नाही. मी म्हटलं, आई, मामाची गाडी रस्त्यात बंद पडलीय. पण तिच्या डोक्यात गाडीच बसली होती. म्हणत होती, मी चारूला सांगितलं होतं, आवाज बदललाय, शरूला सांग म्हणून सांगितलं होतं. फोनवर तुलाही म्हणाली ना ती? तेच म्हणाली ना?"

ह्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. फार वेळ बघितलं. मी ह्या वेळी चेहऱ्याचं काहीच करू शकले नाही.

अस्थी उज्जैनला राम घाटावर आणल्या. कुणी काही विचारलं तर आत्तापर्यंत हे आधी माझ्याकडे बघायचे. मी ओठ हलवायची, मग हे उत्तर द्यायचे. त्या दिवशी गुरुजींनी ह्यांना वन्संच्या माहेरचं गोत्र विचारलं. मी पुढे सरकले. हे प्रसादकडे वळले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "काय विचारतायत? जोराने बोल. मला ऐकू येत नाही."

आयुष्यात पहिल्यांदा हे तसं बोलले. इतक्या साध्या आवाजात बोलले की पुढे उभ्या असलेल्या चार जणांना त्यात काही विशेष वाटलंही नाही.

तेराव्यानंतर कैलाशने निरोप पाठवला. आम्ही दोघं गॅरेजमध्ये गेलो. त्याने इंजिन उघडून ठेवलं होतं. खालच्या टाकीत, पंपाच्या जाळीवर, डांबरासारखा काळा गाळ बसला होता. तेल भरपूर होतं पण वर चढत नव्हतं, आणि बेअरिंगं कोरडीच झिजत होती. त्याने त्यातलं एक ह्यांच्या तळहातावर ठेवलं. वरचा थर झिजून आतलं तांबं दिसत होतं. ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.

"सर, यह तो दो-ढाई महीने से बोल रही होगी," कैलाश म्हणाला, आणि बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं. त्याने जीभ चावली. मग माझ्याकडे बघितलं, फोनवरच्या त्या वीस तारखेची आठवण येऊन बहुतेक.

घरी आल्यावर ह्यांनी मला समोरच्या खुर्चीत बसायला सांगितलं. विद्यार्थ्याला बसवतात तसं, उजेडाकडे तोंड करून.

"तुला येत होता आवाज?"

"हो."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"खालून?"

"खालून."

ह्यांनी मान हलवली, उत्तर बरोबर आल्यासारखी. मला रडू फुटलं. मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्हाला कळलं की तुम्हाला ऐकू येत नाही, तर तुम्ही मोडून पडाल. दसऱ्याला तुम्ही किती खूष होतात. मला ते घालवायचं नव्हतं."

"चारू, कान माझे आहेत," हे म्हणाले. "मला मालूम नसेल? दोन वर्षांपासून मालूम आहे. दसऱ्याला कैलाश खोटं बोलला तेही मालूम आहे. पोरांची तोंडं दिसत होती ना मला. म्हटलं, पोरं आहेत, सरांचं मन राखतायत, राखू दे. ताईलाही तेवढ्यासाठी फोन केला, तिला बरं वाटावं म्हणून."

"मग गाडी कशाला चालवत होतात?" मी ओरडले. राग आला मला, खरंच आला. "ऐकू येत नव्हतं तर कशाच्या भरवशावर चालवत होतात?"

"तू बाजूला बसलेली असायचीस ना."

मला कळेना.

"एक डोळा रस्त्यावर आणि एक तुझ्या तोंडावर," हे म्हणाले. "सगळे आवाज मीच शिकवलेत तुला. काही वाजलं की तुझ्या कपाळाला आठी पडणार. आठी पडली की थांबायचं, एवढं सोपं ठरवलं होतं मी. भाजीत मीठ जास्त पडलं तरी तुझ्या तोंडावर दिसतं. चव्वेचाळीस वर्षांत तुला कधी काही लपवता आलं नाही." मग म्हणाले, "त्या दिवशीही बघितलं मी. हाताला धक्के लागत होते. दोनदा बघितलं. तुझं तोंड एकदम शांत होतं. मी म्हटलं, मग ठीक आहे, आणि जोरात नेली."

मी पदर तोंडात कोंबून बसले होते. मी म्हटलं, "मी तुमच्यासाठीच केलं हो."

"मालूम आहे," हे म्हणाले. त्यात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडायला मला येतं. हे उठले, तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून माझ्यासमोर ठेवलं आणि आत जाऊन पडले.

आता अडीच महिने होत आले. हे माझ्याशी नीट बोलतात. चहा चांगला झाला तर चांगला झाला म्हणतात. मुक्ताने पाठवलेलं कानाचं मशीन टेबलावर डब्यात आहे. एकदा लावून बघितलं, नुसती खरखर येते म्हणाले, ठेवून दिलं. गाडी कैलाशकडेच आहे आणि तिचं नाव कुणी काढत नाही. लांब पेचकस ह्यांनी कैलाशला देऊन टाकला.

फक्त हे माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. बेल वाजली की मी अजून सवयीने हातातलं काम थांबवून दाराकडे बघते. हे पेपरात डोकं घालून बसलेले असतात, बघतच नाहीत. त्याऐवजी दर पंधरा-वीस मिनिटांनी हे स्वतःच उठतात, दार उघडतात, बाहेर डोकावतात, गल्लीच्या दोन्ही टोकांना बघतात आणि परत येऊन बसतात. कधी कुणी असतं. बहुतेक वेळा कुणी नसतं.

काल दुपारी हे असेच चौथ्यांदा उठले. मला ते बघवेना. मी पुढे जाऊन उभी राहिले आणि मोठ्याने, एकेक शब्द सोडवून म्हणाले, "अहो, बेल वाजली नाही. कुणी आलेलं नाही. बसा तुम्ही."

ह्यांनी माझे ओठ नीट वाचले. हो म्हणून मान हलवली. मग मला वळसा घालून गेले आणि दार उघडून बघितलं.